दवाखान्यातून सुटी झाल्यावर
(मंडळाच्या गणेशोत्सवातील ज्येष्ठ नागरिक संध्येत केलेले भाषण)



श्रीगणेशाला वंदन करून दोन शब्द बोलतो. मी काही वक्ता नाही. डिप्लोमा झाला, रेल्वेत लागलो आणि आजवरची नोकरी बिलासपूरच्या यार्डात डब्यांखाली वाकून बघण्यात गेली. मी विम्याचा एजंटही नाही, तेव्हा कुणी घाबरून उठू नये! "बाबांच्या आजारपणात जे कळले ते सांगा," असे कार्यकारिणीने सांगितले, म्हणून उभा आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये बाबांना नागपुरात अर्धांगवायूचा झटका आला. वय ७१. ते शाळामास्तर होते, रेल्वेचे नव्हते. त्यांच्यासाठी मी २०१४ साली एका खासगी कंपनीची पॉलिसी काढली होती. चार कंपन्यांचे हप्ते कागदावर मांडले, सर्वांत स्वस्त ती निवडली आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. "यात सगळं कव्हर आहे साहेब," एजंट म्हणाला होता.

दवाखान्याचे बिल झाले २,८६,००० रुपये. कंपनीने २,११,००० दिले. बाकीचे ७५,००० को-पेमेंट आणि न मिळणाऱ्या किरकोळ खर्चांत गेले. इथपर्यंत माझी तक्रार नाही.

पण सोळाव्या दिवशी सुटी झाली आणि बाबांना इथे क्वार्टरमध्ये आणले. उजवी बाजू गेलेली, बोलणे अस्पष्ट. दिवसपाळीच्या माणसाचे महिन्याला १०,०००, फिजिओथेरपीचे ४,५००, डायपर, औषधे वगैरेंचे ४,५००. एकूण १९,०००. हे २८ महिने चालले. म्हणजे ५,३२,००० रुपये, दवाखान्याच्या बिलाच्या जवळजवळ दुप्पट. मी बिले जोडून कंपनीकडे पाठवली. उत्तर आले, बसत नाही. सोबत कलमाचा नंबर.

ते कलम मी तेव्हा पहिल्यांदा वाचले. मित्रांनो, ते एका कंपनीचे नाही. विमा नियामकाने वगळण्याच्या बाबींची जी प्रमाणित भाषा ठरवून दिली आहे, त्यातले ते पाचवे कलम. अंघोळ घालणे, कपडे बदलणे, उठवणे-बसवणे अशी सेवा, मग ती घरी असो वा संस्थेत, नर्सने केलेली असो वा साध्या माणसाने, विम्यात धरलेली नाही. चार कंपन्यांचे हप्ते मी ताडून पाहिले, पण हे पान एकाचेही उघडले नाही.

आपल्या भाषेत सांगतो. आरोग्य विमा म्हणजे वर्कशॉपातले पी.ओ.एच. डबा आत गेला तर खर्च मंजूर. पण यार्डात रोज उठून जी तपासणी करावी लागते, तिच्यासाठी त्यात तरतूद नाही. आणि म्हातारपणाचा डबा वर्कशॉपात थोडे दिवस असतो, यार्डात फार.

या रोजच्या सेवेसाठी काही देशांत वेगळा विमाच आहे. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली तो सक्तीचा केला. जपानात वयाच्या चाळिशीपासून हप्ता सुरू होतो, म्हणजे माझ्यासारख्यांपासूनच! अमेरिकेत खासगी कंपन्या तो विकतात. अंघोळ, कपडे, जेवण, संडासला जाणे, लघवी-शौचावर ताबा आणि पलंगावरून उठणे-बसणे या सहांपैकी दोन गोष्टी स्वतःला जमेनाशा झाल्या की साधारणपणे पैसे सुरू होतात. आपल्याकडे दारोदार विकल्या जाणाऱ्या आरोग्य पॉलिसीत ही सोय नसते. म्हणून आपल्याला तुकडे जोडून गाडी तयार करावी लागते. ते तुकडे असे :

एक, आरोग्य विमा. तो हवाच. १ एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घ्यायला ६५ वर्षांची अट राहिलेली नाही आणि जुन्या आजारांसाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षांवर आली आहे. तुलना करताना हप्ता शेवटी बघा. आधी को-पेमेंट किती, खोलीभाड्याची मर्यादा किती आणि सुटीनंतरचा औषधोपचार ६० दिवस की ९०, हे बघा. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत नापसंत असेल तर परत करता येते. ते ३० दिवस वाचण्यासाठी आहेत.

दोन, सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे सुरू झाले. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. पण हेही दवाखान्यात भरती होण्यासाठीच आहे, सुटीनंतरचे १५ दिवस धरून.

तीन, गंभीर आजाराची पॉलिसी. यात एकरकमी पैसे मिळतात आणि ते अटेंडंटवर खर्च केले तरी कुणी विचारत नाही. मात्र अर्धांगवायूत अपंगत्व किमान ३ महिने टिकल्याचा पुरावा लागतो. ही पॉलिसी धडधाकट असतानाच काढायची असते, म्हणजे चाळिशीतल्यांनी, आत्ता.

चार, स्वतःचे वेगळे खाते. जुनी पेन्शन असलेल्यांना ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा मिळते. ती रक्कम नातवांच्या मोबाइलवर घालवू नका. ती तुमच्या सेवेची आहे.

आता जे सांगायला खरे तर उभा राहिलो, ते सांगतो. मघाचा ५,३२,००० चा हिशेब खोटा आहे. रात्रपाळीला माणूस नव्हता. आमच्या सौ. होत्या. त्या इथल्या एका शाळेत अकरा वर्षे शिकवत होत्या. रात्री तीनदा उठून सकाळी वर्गावर उभे राहणे चार महिने जमले, पाचव्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. मी दर महिन्याला वहीत डायपरचा पै-पैसा लिहीत होतो, पण तो गेलेला पगार २८ महिन्यांत एकदाही लिहिला नाही. बाबा मार्च २०२४ मध्ये गेले. शाळेतली ती जागा केव्हाच भरली होती. कोणत्याही पॉलिसीत हे कलम नाही, आणि माझ्या वहीतही नव्हते. त्या इथे बसल्या आहेत, म्हणून सर्वांसमक्ष सांगतो.

तेव्हा पॉलिसी निवडताना एजंटला एकच प्रश्न विचारा, "सुटी झाल्यावर अंघोळ कोण घालणार आणि त्याचे पैसे कोण देणार?" आणि घरी विचारताना तो फक्त सुनेकडे बघून विचारू नका.

बाबांची व्हीलचेअर, एअर बेड आणि वॉकर मी मंडळाच्या खोलीत आणून ठेवले आहेत. ज्याला लागेल त्याने न्यावे, काम झाले की परत आणावे. आणखी कुणाच्या घरी अशा वस्तू माळ्यावर पडल्या असतील तर त्याही आणाव्यात. आणि विसर्जनाच्या आत प्रत्येकाने आपल्या पॉलिसीचे वगळलेल्या बाबींचे पान एकदा वाचावे, एवढीच विनंती.

बोलण्यात काही चुकले असल्यास क्षमा असावी.

गणपती बाप्पा मोरया!