जळायच्या आधीचा फोटो

मी जालन्याच्या मस्तगडचा. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे 'बॅकअप घेतला का?' हा प्रश्न रोजचाच. आजची गोष्टही बॅकअपचीच आहे.

बी.टेक.च्या तिसऱ्या वर्षी आमच्या ग्रुपची जपानला अभ्यास सहल गेली होती. नारा भागात होर्युजी नावाचं बौद्ध मंदिर आहे. जगात टिकून असलेल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारतींमध्ये त्याचं नाव येतं. तिथलं भिंतीवरचं बोधिसत्त्वाचं चित्र बघून मी पटकन म्हणालो, "अरे, हे तर आपल्या अजिंठ्यासारखं!" गाईड म्हणाले, जाणकारही हीच तुलना करतात. पण हे चित्र नंतरचं आहे. मूळ चित्रं २६ जानेवारी १९४९ च्या आगीत करपली.

आपल्याला २६ जानेवारी म्हणजे झेंडावंदन आणि जिलेबी. तिकडे त्या दिवशी जुन्या वास्तूंमध्ये आग विझवायचा सराव होतो. आगीनंतर पुढच्याच वर्षी, १९५० ला, त्यांनी वारसा जपायचा कायदा केला.

मग चित्रं पुन्हा काढली कशावरून? १९३५ ला त्या भिंतींचे मूळ आकाराचे फोटो काढून ठेवले होते. त्यांच्या आधाराने चित्रकारांनी १९६७-६८ मध्ये ती नव्याने रंगवली.

हे ऐकलं आणि मला आमचा वाडा आठवला. मी बारावीला असताना तो पाडून स्लॅबचं घर बांधलं. आजी म्हणाली होती, "पाडायच्या आधी एक फोटो काढ रे." मोबाईल खिशात होता. 'उद्या काढतो' म्हणालो. उद्या जेसीबी आला. आता आजीही नाही. देवघराचा कोनाडा कुठल्या भिंतीत होता, यावर आई आणि काका आजही वाद घालतात.

आमच्या मस्तगडचा किल्ला १७२५ चा, काबिलखानाने बांधलेला. लहानपणापासून त्याच्या शेजारून गेलो, पण जपानहून आल्यावर पहिल्यांदा थांबून बघितला. भिंत, दगड, कोपरे, सगळ्याचे फोटो काढले. तारीख टाकून दोन ठिकाणी सेव्ह केले.

तुमच्याकडे जुना वाडा असेल, बारव असेल, वेस असेल. हा एपिसोड संपला की फोन खिशात टाकू नका. आधी फोटो काढा. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना शेजारी उभं करा.

भेटू पुढच्या भागात!