झाडलेलं घर रिकामं ठेवू नका

(अमरावती येथे डिसेंबर महिन्यात झालेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अकोल्याहून, मूर्तिजापूरहून सकाळच्या गाडीनं आलेल्या मंडळींचे विशेष आभार. आत येताना पाहिलं, तरुण संघाची मुलं चर्चचं आवार झाडत होती. नाताळ जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या घरी हेच चालतं. जाळी काढायची, भिंतींना चुना द्यायचा, माळे रिकामे करायचे. म्हणून आज मी याच कामाच्या शब्दावर बोलणार आहे. तो शब्द म्हणजे 'झाडणे'.

शब्द साधा आहे, पण आपल्या बोलण्यात तो किती कामं करतो पाहा. माझी आजी पहाटे हाक मारायची, "आंगण झाडलं का वं पोरी?" तो झाला खराट्याचा अर्थ. उशीर झाला की तीच आजी मला चांगली झाडायची. तो रागावण्याचा अर्थ. लग्नाला कोण कोण आलं विचारलं तर म्हणायची, "झाडून सारे आले." म्हणजे एकही मागे राहिला नाही. अंगात काही शिरलं म्हणून लिंबाच्या डहाळीनं उतरवतात, तेही झाडणंच. आणि माझ्यासारखी बाई माईक हातात घेऊन उभी राहिली की मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणतं, "आता भाषण झाडणार!"

हसू नका, हे खरं आहे. आपण मिशनच्या कामातली माणसं यातलं कोणतं झाडणं जास्त करतो, हा माझा आजचा प्रश्न आहे.

या महिन्याच्या 20 तारखेला संत गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. नाताळच्या पाच दिवस आधी. बाबा आपल्या दोन्ही जिल्ह्यांचे. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावी त्यांचा जन्म झाला. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचं नाव. घर परटाचं, लोकांचे कपडे धुणाऱ्यांचं. वडील दारूपायी लवकर गेले. मग आई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. तिथं डेबूजीनं गुरं राखली, शेती केली. 1905 साली घर सोडलं, ते अंगावर चिंध्या, जवळ गाडगं आणि हातात खराटा घेऊन. 1956 साली वलगावजवळ, पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला. आपल्या अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे.

बाबा आपल्या मंडळीचे नव्हते, आणि त्यांना ओढूनताणून आपलं म्हणण्याची गरजही नाही. शेजाऱ्याकडून शिकायला लाज कशाची? ते दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात माणसांची मनं झाडत, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण त्यातला क्रम आपल्या लक्षात येत नाही. आधी दिवस, मग रात्र. आधी खराटा, मग शब्द. ज्यानं सकाळपासून आपल्या दारापुढची नाली उपसली, तो माणूस रात्री दारू सोडा म्हणाला, कर्ज काढून सण करू नका म्हणाला, देवापुढं कोंबडं-बकरं कापू नका म्हणाला, शिवाशिव पाळू नका म्हणाला, तर त्याच्यावर रागवायचं कसं? झाडण्याचा अधिकार त्यांनी खराट्यानं मिळवला होता.

मी मात्र एकदा तो मिळवण्याआधीच वापरला. ते आज तुमच्यापुढं सांगते.

मेळघाटात काम सुरू करून मला दुसरंच वर्ष होतं. धारणी तालुक्यातला एक लहान कोरकू ढाणा. ढाणा म्हणजे पाड्यासारखी वस्ती. पावसाळ्याचे दिवस. एका घरी गेले तर वर्षभराचं लेकरू तापानं फणफणलेलं आणि त्याच्या उशाशी लिंबाचा पाला पडलेला. भुमका झाडून गेला होता. तुम्हाला माहीत आहे, भुमका म्हणजे तिथला देवाचं करणारा, औषधपाणी जाणणारा माणूस. लेकराचं पोट फुगलं की काही ठिकाणी तापलेल्या लोखंडानं डागतात, त्याला डंबा म्हणतात. त्या लेकराला डंबा दिलेला नव्हता. पण मी ते विचारलंसुद्धा नाही. दहा बायांसमोर त्या माउलीला मी झाडलं. अडाणीपणा म्हणाले, अंधश्रद्धा म्हणाले, लेकराच्या जिवाशी खेळता म्हणाले. ती खाली मान घालून ऐकत राहिली. लेकराला आम्ही गाडीत घालून दवाखान्यात नेलं, ते बरं झालं आणि मला वाटलं, आज मोठं काम झालं.

पुढच्या महिन्यात त्याच ढाण्यात दुसऱ्या घरी लेकराला हगवण लागली. यावेळी मला कोणी कळवलं नाही. मी गावात आले तेव्हा त्यांनी दार ओढून घेतलं आणि लेकरू मामाकडे गेलं म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावातल्या आशाताईकडून कळलं. गेले तेव्हा लेकराचे डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे पडले होते, रडताना डोळ्यांत पाणी येत नव्हतं. देवाची दया म्हणून ते वाचलं. पण दवाखान्यात काढलेल्या अकरा दिवसांत मला नीट झोप आली नाही, कारण ते तीन दिवस माझ्या नावावर होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात लेकराची आजी माझ्याशेजारी बसली होती. हिंदी-मराठी मिसळून बोलत होती. तिचं बोलणं मी आपल्या मराठीत सांगते. ती म्हणाली, "दीदी, भुमकाही झाडतो आणि तुम्हीही झाडता. पण तो आधी जवळ बसतो."

मी ईशज्ञानाचा डिप्लोमा केला, त्यात प्रवचनशास्त्राचा पेपर होता. पण त्या बाकावर मला मिळाला तो धडा कोणत्याच पेपरात नव्हता.

त्या रात्री मी लूकचं शुभवर्तमान उघडलं. घर झाडण्याची गोष्ट लूक दोनदा सांगतो. अकराव्या अध्यायात एक घर आहे. त्यातून अशुद्ध आत्मा निघून गेला आहे, घर झाडून नीटनेटकं केलेलं आहे, पण आत राहायला कोणी नाही. मग तो आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो आणि त्या माणसाची दशा आधीपेक्षा वाईट होते. पंधराव्या अध्यायात दुसरं घर आहे. एका बाईची दहा नाण्यांपैकी एक नाणं हरवलं आहे. ती दिवा लावते, घर झाडते आणि नाणं सापडेपर्यंत शोधत राहते. मग शेजारणींना बोलावून आनंद करते. दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीकमध्ये एकच क्रियापद आहे, 'सारोओ'. नव्या करारात ते तीनच ठिकाणी येतं. तिसरी जागा म्हणजे मत्तयानं सांगितलेली हीच रिकाम्या घराची गोष्ट.

खराटा तोच आणि क्रियापदही तेच. पण एका घरी केर काढला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या घरी बाई गुडघ्यांवर बसली, कारण त्या धुळीत तिचं मोलाचं काहीतरी होतं. नाणं धुळीत पडलं म्हणून तिनं केराबरोबर फेकलं नाही. धुळीतही त्याची किंमत तेवढीच होती.

मी त्या ढाण्यात पहिलं झाडणं केलं होतं. भुमक्याला नाही म्हणाले, पण रात्री दोन वाजता लेकरू तापलं, नाल्याला पूर आला, गाडी नाही, फोनला रेंज नाही, तेव्हा भुमक्याच्या जागी मी काय ठेवलं होतं? काहीच नाही. घर झाडलं आणि रिकामं सोडलं. मेळघाटातल्या बालमृत्यूंचा प्रश्न 1990च्या दशकापासून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यावर कमी भाषणं झाली असं कोणी म्हणणार नाही.

त्यानंतर आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते. सर्वांत आधी मी त्या पहिल्या माउलीच्या घरी गेले आणि त्याच दहा बायांसमोर तिची क्षमा मागितली. मग उन्हाळ्यात आम्ही चौघं जण आठ दिवस तिथंच राहिलो. हातपंपाभोवती गाळ साचायचा, त्यात गुरं उभी राहायची आणि तेच पाणी लोकांच्या घागरीत जायचं. आम्ही तो गाळ उपसायला लागलो. पहिले दोन दिवस लोक नुसते पाहत होते. तिसऱ्या दिवशी पोरं आली, चौथ्या दिवशी बाप्ये फावडं घेऊन आले. सांडपाण्यासाठी शोषखड्डा झाला. त्या आठ दिवसांत मी एकही भाषण झाडलं नाही. माझ्या ओळखीच्यांना हा चमत्कारच वाटेल.

संध्याकाळी चुलीपाशी बसून बायांना साखर-मिठाचं पाणी करून दाखवलं. तुम्हीही लक्षात ठेवा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. हगवण लागली की पहिल्या जुलाबापासून थोडं थोडं पाजत राहायचं, अंगावरचं दूध बंद करायचं नाही. लेकरू सुस्त पडलं, पाणीही पिईना, डोळे खोल गेले, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. मिळेल तिथं ओआरएसची पुडी वापरायची.

आणि भुमका? त्याच्याही घरी गेलो. म्हातारा आधी बोलेना. दोन-तीनदा गेल्यावर त्यानं चहा दिला. आज तो आपला लिंबाचा पाला फिरवतो आणि लेकराच्या बापाला सांगतो, "आता दीदीला कळव, दवाखान्यात ने." त्याच्या पाल्यानं ताप उतरतो असं मी म्हणत नाही, माझा विश्वास कोणावर आहे हे त्यालाही माहीत आहे. डंब्याच्या बाबतीत तर मी आजही तडजोड करत नाही. पण ज्या घरी माझा शब्द पोचत नाही तिथं त्याचा पोचतो. आरोग्य खात्यानंही मेळघाटात भुमक्यांना सोबत घेण्याचे प्रयत्न केले आहेत ते याचसाठी.

आता थोडं आपल्या घरचं. रागावू नका, मी आधी माझ्यावरच खराटा चालवला आहे.

दिवाळीनंतर आणि नाताळच्या आधी आपल्या केंद्रावर पोती येतात. घर झाडताना निघालेले कपडे. त्यात चांगलेही असतात, देणाऱ्यांचे आभार. पण बटणं तुटलेले सदरे, विरलेल्या साड्या, एकाच पायाचा बूट, हेही असतं. मागल्या वर्षी ती पोती निवडायला आमच्या दोन कार्यकर्त्यांना तीन दिवस लागले आणि निम्मं टाकून द्यावं लागलं. आपल्या घराचा केर दुसऱ्याच्या दारात लोटणं, याला झाडणं म्हणत नाहीत. त्या बाईनं दिवा लावून शोधलं तेव्हा तिच्या मनात होतं, हे माझं आहे, हे मोलाचं आहे. कोरकू लेकरू आपल्याला मोलाचं वाटत असेल तर त्याच्यासाठी नवा स्वेटर घ्यायला आपला हात अडणार नाही. दहा नको, एकच द्या, पण आपल्या लेकराला घालाल असा द्या. अंगाचा साबण द्या, ओआरएसच्या पुड्या द्या. आणि ज्यांना जमेल त्यांनी दोन दिवस द्या. अकोल्याच्या मंडळींना अकोटवरून धारणीचा रस्ता आहे, अमरावतीकरांना परतवाड्यावरून. येताना उपदेश घरी ठेवा, जुने कपडे घाला. फावडी आमच्याकडे आहेत.

गाडगेबाबांनी झाडलेल्या जागा रिकाम्या ठेवल्या नाहीत. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी घाट बांधला, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांना डोकं टेकायला जागा केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या स्वाधीन केली. केर काढला, तिथं माणूस आणून बसवला.

आपल्या प्रभूनंही शिष्यांना शिकवलं ते आधी पाय धुऊन, आणि मग बोलून.

नाताळसाठी घर झाडाल तेव्हा एवढं आठवा. आणि झाडून सारे या, कोणी मागे राहू नका. आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू, आमच्या जिभेआधी आमचे हात कामाला लाव. ज्यांना आम्ही झाडलं त्यांच्याजवळ बसायची आम्हाला बुद्धी दे. आमची झाडलेली घरं रिकामी ठेवू नकोस, तू स्वतः तिथं राहायला ये. आमेन.