जुन्या गाडीचे आवाज ओळखताना

गोंदिया जिल्ह्यात एमएच-३५ पाटीची जुनी गाडी हौसेने दारात येते आणि पहिल्याच फेरीत कुठून तरी खडखड ऐकू येते. श्रोतेहो, ती अंगवळणी पडण्याआधी शोधलेली बरी.

सुरुवात उभ्या गाडीपासून होते. न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर आवाज वाढला, तर तो बहुधा इंजिनाच्या बाजूचा. गाडी धावतानाच येत असेल, तर चाके आणि सस्पेन्शन तपासायचे.

देवरीजवळ राष्ट्रीय महामार्ग ५३ वर वेग घेताच घूंऽऽ असा आवाज चढत गेला, तर व्हील बेअरिंगचा संशय येतो. असमान झिजलेले टायरही असेच घुमतात. स्टेअरिंग पूर्ण वळवताना कटकट झाली, तर एक्सलचा सीव्ही जॉइंट पाहावा. गतिरोधकावर ठकठक झाली, तर लिंक रॉड किंवा रबरी बुश. ब्रेक दाबताच कर्कश आवाज आला, तर पॅड झिजलेले असू शकतात. धातूवर धातू घासल्यासारखी खरखर असेल, तर मात्र गाडी पुढे दामटू नये.

कधी कधी सैल राहिलेला जॅकच खडखडतो, म्हणून डिकी आधी रिकामी करावी. आवाज किती वेगाला, वळणावर की खड्ड्यात येतो, हे लिहून ठेवावे आणि मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर एक फेरी मारावी.