प्रौढांना शिक्का नको, वाट दाखवा
(तुये येथे साक्षरता स्वयंसेवकांसमोर केलेले भाषण)



३० मे २०२५ रोजी, घटकराज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाला. आनंद आहे. पण केंद्राच्या 'उल्लास' योजनेत ९५ टक्के झाले की पूर्ण साक्षरता मानतात. उरलेले कोण? शिवाय सही येते, पण एक-चौदाचा उतारा वाचता येत नाही, अशी माणसे आपण पेडण्यात पाहिलीच आहेत. मोपाचा विमानतळ झाल्यापासून इथल्या जमिनीवर सगळ्यांचा डोळा आहे. न वाचता केलेली सही उद्या महागात पडेल.

मग शिकवायचे कसे? बुद्धी एकच नसते, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली मांडले. भाषेची आणि गणिताची बुद्धी असते, तशीच सुरांची, हातापायांची, जागेची, माणसे ओळखण्याचीही असते. हे आपल्याला नवे नाही. दशावतारातला नट लेखी संहितेशिवाय रात्रभर संवाद रंगवतो. त्याला अडाणी कोण म्हणेल?

मात्र 'हा ऐकून शिकणारा, ती बघून शिकणारी' असे शिक्के मारून माणसे वेगळी बसवू नका. तसे केल्याने शिक्षण सुधारते याला पुरेसा पुरावा नाही, असे २००८ साली मानसशास्त्रज्ञांच्या एका आढाव्यात दिसून आले. धडा एकच ठेवा, वाटा अनेक ठेवा, आणि त्या सगळ्यांसाठी ठेवा.

उताऱ्याचाच धडा घ्या. प्रत्येकाने आपल्या शेताचा नकाशा खडूने जमिनीवर काढावा. बांध, वहाळ, शेजारी दाखवावेत. त्यात सर्व्हे नंबर लिहावा. शंभर चौरस मीटर म्हणजे किती, हे अंगणात दोरीने आखून पाहावे. 'कब्जेदार', 'कूळ', 'क्षेत्रफळ' हे शब्द मोठ्याने म्हणावेत, चिठ्ठ्यांवर लिहून उताऱ्यातल्या रकान्यांवर ठेवावेत. शेवटी दोघादोघांनी एकमेकांना उतारा वाचून दाखवावा. नकाशा आणि दोरी ही शिडी आहे. वर चढून कागद वाचता आलाच पाहिजे, नाहीतर तो नुसता खेळ होईल.

आणि चूक झाली तर हसू नका. साठीच्या बाईला नातवंडांसमोर पाटी धरायला मोठे धैर्य लागते.

पंचायतीकडे आपली मागणी एकच: आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली आणि दिवा द्या. शिकवणारे आम्ही देऊ. घोषणा सरकारने केली, ती खरी करणे आपल्या हातात आहे.

जय गोमंतक!