शुद्धलेखन आणि मुलाचे म्हणणे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मुलांच्या वहीतील ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न राजकीय अभ्यासवर्गात कशाला, अशी शंका येणे साहजिक आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. ज्यांना वेदांचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असे तिने विचारले. उघड्यावर बाळंत होणाऱ्या, थंडीपावसात कुडकुडणाऱ्या बायांची वेदना मांडली. आजच्या नियमांनी तपासला तर तो निबंध तांबड्या शाईने माखून निघेल. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त खुद्द जोतीरावांच्या व्याकरणाची टिंगल केली. मुद्द्याला उत्तर देण्यापेक्षा वेलांट्या मोजणे नेहमीच सोयीचे असते!

आजचे नियम मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली केले. त्यांत न उच्चारले जाणारे अनुस्वार गळाले, ही मोठीच सोय झाली. ऱ्हस्व-दीर्घाचा काच मात्र राहिला. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, ‘शरीर’चे ‘शरीराला’च राहते, कारण ‘शरीर’ संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे. कानाला हा भेद क्वचितच कळतो. ज्या घरात पुस्तकांचे कपाट आहे तेथील मूल तो डोळ्यांनी टिपते. आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर जाणाऱ्या मुलाने तो कोठून आणावा? त्यातून त्याने ‘पानी’ लिहिले की घरची बोलीच अशुद्ध ठरते. दोन-चार वेळा वही अशी परत आली की ते मूल शहाणे होते आणि ‘माझी आई’ या विषयावर फळ्यावरच्या पाच ओळी उतरवून देते. त्या ओळींत चूक नसते, आणि त्याची आईही नसते.

म्हणून शुद्धलेखन गुंडाळून ठेवावे काय? तसे सांगणारे बहुधा स्वतः शुद्ध लिहितात, आणि त्यांची मुलेही. नोकरीच्या अर्जातील चुकांवरून माणसाची किंमत करणारे जग अन्यायी खरेच. पण ते बदलेपर्यंत गरिबाच्या मुलाला निःशस्त्र ठेवणे हाही अन्यायच होय.

प्रश्न क्रमाचा आहे. मुलाने घरचा बैल विकल्याची हकीकत लिहिली, तर तो का विकावा लागला हे शिक्षकाने आधी विचारावे. मग एका वेळी एकाच प्रकारची चूक घ्यावी. या आठवड्यात ‘ण’ आणि ‘न’, पुढे सामान्यरूपातील ऱ्हस्व. घरी ‘पानी’ म्हणण्यात काही चूक नाही, छापात ‘पाणी’ लिहितात, एवढे सांगितले की पुरते. भित्तिपत्रकावर लावण्यापूर्वी मुलाने स्वतः शुद्ध प्रत करावी. आपले लिहिणे दुसरे कोणी वाचणार आहे हे कळले, की शुद्धतेचे कारणही त्याला कळते. साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला हे कठीण आहे, हे मान्य केलेच पाहिजे. शिक्षकभरतीच्या मागणीचा वहीतील वेलांटीशी संबंध आहे तो असा. परंतु जेथे कार्यकर्ते वस्तीत अभ्यासिका चालवितात, तेथे सरकारी परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. मुलागणिक एक कोरी वही आणि ती वाचावयास कोणाची तरी सवड, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.