पांढरा भात आणि जपानी साम्राज्य



जपानवर बोलायचे म्हटले की आपल्याकडे दोन भाषणे तयार असतात. पहिले कौतुकाचे: चाळीस वर्षांत आगगाड्या, शाळा, कारखाने उभे करून रशियाला हरवणारा देश. दुसरे निषेधाचे: मांचुरिया, नानकिंग, पर्ल हार्बर. दोन्ही खरी आहेत. पण एकाच देशाची ही दोन रूपे कशी जोडलेली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बेळगावात पस्तीस-चाळीस वर्षे होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा माणूस आहे. म्हणून तो सांधा मी एका आजाराच्या वाटेने दाखवणार आहे. आजार आहे बेरीबेरी.

आधी थोडी उजळणी. १८५३ साली अमेरिकेच्या युद्धनौका जपानच्या दारात आल्या. १८६८ मध्ये शोगुनांची सत्ता जाऊन सम्राट मेइजींच्या नावाने नवे राज्य सुरू झाले. १८७२ साली देशव्यापी शिक्षणाचा कायदा आला, १८७३ साली सक्तीची लष्करभरती आणि १८८९ साली राज्यघटना. १९०५ साली रशियाचा पराभव झाला, तेव्हा पारतंत्र्यातल्या आपल्या लोकांनाही हुरूप आला. महर्षी कर्व्यांनी जपानमधल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचली आणि १९१६ साली आपले महिला विद्यापीठ काढले, हे आपणांस माहीत आहेच. मात्र ज्या विजयाने आपल्याला धीर आला, त्याच विजयाने कोरिया जपानच्या मुठीत गेला आणि १९१० साली जपानने तो देश खालसा केला. तैवान तर त्याआधी १८९५ सालीच, चीनशी झालेल्या युद्धानंतर घेतला होता.

आता आजाराकडे येतो. बेरीबेरीत पाय बधिर होतात, सुजतात, चालणे अडते आणि शेवटी हृदय थकते. कारण आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते: तांदूळ फार सडला की कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व निघून जाते. आपल्या कोकणात, गोव्यात उकडा तांदूळ खातात. त्यात हे सत्त्व उकडताना दाण्यात मुरते, म्हणून आपल्या भागात या आजाराची फारशी ओळख नाही. जपानात पूर्वी पांढराशुभ्र भात ही शहरातल्या सुखवस्तू लोकांची चैन होती. खेड्यातला शेतकरी तांदळात सातू मिसळून खाई. नव्या सैन्याने गरीब शेतकऱ्यांच्या मुलांना दिवसाला सहा गो, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम पांढरा तांदूळ देऊ केला. घरच्यांना केवढा अभिमान वाटला असेल! आणि ही धडधाकट मुले बराकीत येऊन पायांनी अधू होऊ लागली.

आरमाराची स्थितीही तशीच होती. तिथे ताकाकी कानेहिरो नावाचे डॉक्टर होते, लंडनला शिकून आलेले. त्यांनी पाहिले की हा आजार खलाशांना जास्त होतो, अधिकाऱ्यांना कमी. आणि दोघांत मोठा फरक आहे तो जेवणाचा. १८८२-८३ साली ‘र्युजो’ नावाचे शिकाऊ जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका अशा लांबच्या सफरीवर गेले होते. त्यावरच्या ३७६ माणसांपैकी १६९ आजारी पडले आणि २५ दगावले. १८८४ साली ताकाकींनी ‘त्सुकुबा’ हे दुसरे जहाज त्याच मार्गाने पाठवायला लावले, पण शिधा बदलून. या वेळी बेरीबेरीने एकही माणूस मेला नाही. पुढे आरमारात भातात सातू आला आणि काही वर्षांत आजार जवळजवळ नाहीसा झाला.

गंमत अशी की ताकाकींचा सिद्धान्त चुकीचा होता. त्यांना वाटे, आहारात प्रथिने कमी पडतात. पण त्यांची मोजणी बरोबर होती. आमच्या पॅथीकडे पुरावा मागणारे माझे काही मित्र समोर बसले आहेत. त्यांना मी सांगतो, तुमचे मागणे रास्त आहे. रोगी किती आणि बरे किती, हा हिशेब प्रत्येक पॅथीने दिलाच पाहिजे.

भूदलाने मात्र ऐकले नाही. भूदलाचे डॉक्टर जर्मन वैद्यकाच्या परंपरेतले. त्यांच्या दृष्टीने रोग म्हणजे जंतू, आणि बेरीबेरीचा जंतू आज ना उद्या सापडणारच. त्यांच्यात मोरी रिन्तारो होते. साहित्याच्या अभ्यासकांना ते मोरी ओगाई या नावाने ठाऊक असतील. थोर कादंबरीकार, गटेच्या ‘फाउस्ट’चे जपानी अनुवादक. १८८९ साली त्यांनी पांढरा भात, सातूमिश्रित भात आणि पाश्चात्त्य आहार यांची प्रयोगशाळेत तुलना केली आणि पांढरा भात सरस ठरवला. प्रयोग मन लावून केलेला होता. फक्त त्यात बेरीबेरी मोजलेलीच नव्हती.

ओसाकाच्या छावणीत होरिउची नावाच्या लष्करी डॉक्टरांच्या कानावर आले होते की तुरुंगात सातू खाणाऱ्या कैद्यांना हा आजार होत नाही. त्यांनी तो शिधा आपल्या सैनिकांना दिला आणि गुण आला. इतर तुकड्यांनीही ते उचलले. पण युद्ध सुरू झाले की शिधा वरून ठरे आणि वरून पांढरा तांदूळच येई. १८९४-९५ च्या युद्धात बेरीबेरीने चार हजारांवर सैनिक मेले. लढाईत मेलेल्यांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा. रशियाशी झालेल्या युद्धात सुमारे अडीच लाख सैनिक या आजाराने अंथरुणाला खिळले आणि सुमारे २७,००० मेले. आरमारात त्याच वेळी हा आजार नावापुरता होता. युद्ध सरत आले तेव्हा भूदलाने आघाडीवर सातू पाठवायला सुरुवात केली. नियमित शिध्यात तो यायला १९१३ साल उजाडले.

आता आपण विचाराल, डॉक्टर, यात साम्राज्य कुठे आले? सांगतो. एका देशाच्या दोन दलांत एवढा फरक वीस वर्षे राहिला, आणि भूदलाला ‘हे काय चालले आहे’ असे बाहेरून विचारण्याचा अधिकार कोणाला नव्हता. १८८९ च्या घटनेच्या ११ व्या कलमाने सैन्याचे आधिपत्य थेट सम्राटाकडे दिले. मंत्रिमंडळाकडे नाही, संसदेकडेही नाही. १९०० साली नियम झाला की लष्करमंत्री आणि आरमारमंत्री सेवेतले सेनाधिकारीच असावेत. म्हणजे लष्कराने आपला मंत्री काढून घेतला की सरकार पडणार. १९१२ साली तसेच घडले: दोन नव्या डिव्हिजन नाकारल्या म्हणून लष्करमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि पंतप्रधान साइओंजींचे सरकार कोसळले. पुढच्या वर्षी नियम सैल झाला, १९३६ साली पुन्हा आवळला गेला. १९३७ साली जनरल उगाकींना सम्राटाकडून सरकार बनवण्याची आज्ञा मिळाली, पण लष्कराने मंत्रीच दिला नाही. त्यांना मागे फिरावे लागले.

दरम्यान १८ सप्टेंबर १९३१ रोजी मांचुरियातल्या जपानी फौजेच्या अधिकाऱ्यांनी मुकदेनजवळ रेल्वेरुळावर स्वतःच स्फोट केला, आळ चिन्यांवर घेतला आणि तो प्रांत गिळायला सुरुवात केली. टोकियोतले सरकार युद्ध वाढू नये म्हणत राहिले. कोणी जुमानले नाही. १९३२ साली पंतप्रधान इनुकाई यांना तरुण नौदल अधिकाऱ्यांनी घरात शिरून गोळ्या घातल्या. १९३७ साली चीनशी उघड युद्ध पेटले. जपानच्या लष्करी डॉक्टरांतलेच एक, इशिई शिरो, यांनी हार्बिनजवळ जिवंत कैद्यांवर रोगजंतूंचे प्रयोग केले. त्याच युद्धात आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चिनी जखमींच्या शुश्रूषेला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. डॉक्टर म्हणून ही दोन नावे एका श्वासात घेताना मला जड जाते.

शेवटी इंफाळ. १९४४ साली जनरल मुतागुची यांनी बर्मातून डोंगर ओलांडून इंफाळ घेण्याचा बेत केला. त्यांचे प्रमुख स्टाफ अधिकारी ओबाता हे पुरवठ्याचे जाणकार. एवढ्या फौजेला डोंगरात अन्न पोचणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांना आधीच पदावरून काढले होते. फौज निघाली ती सुमारे तीन आठवड्यांचा शिधा आणि सोबत हाकलेली गुरे घेऊन. गुरांतली बरीचशी चिंदविन नदीत आणि डोंगरात संपली. मार्चअखेर सांगशाकला या फौजेला ज्यांनी काही दिवस रोखून धरले, त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. या रेजिमेंटचे केंद्र आपल्या बेळगावात आहे, हे वेगळे सांगायला नको. जपान्यांच्या बाजूने आझाद हिंद सेनेचे जवानही याच डोंगरात उपाशी राहिले. कोहिमाला जनरल सातो यांनी अन्न मागून मागून शेवटी आज्ञा मोडून सैन्य मागे घेतले. त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे राहून सारे सांगायचे होते. तेही होऊ दिले नाही. मानसिक आजारी ठरवून प्रकरण मिटवले. मोहिमेत तीस हजारांवर जपानी सैनिक मेले, त्यांतले बहुसंख्य गोळीने नव्हे. उपासमार, मलेरिया, हगवण आणि तोच जुना बेरीबेरी यांनी.

आकडे सांगणाऱ्याला चाळीस वर्षांपूर्वी भूदलाने ऐकले नाही, तेव्हा त्याचीच माणसे मेली. त्या सवयीला कोणी आवर घातला नाही आणि पुढे तिची किंमत कोरियाने, चीनने, बर्माने आणि शेवटी खुद्द जपानच्या जनतेने मोजली. जपानने यंत्रे, शाळा, प्रयोगशाळा सगळे आणले. कमी पडली ती एकच गोष्ट: वरच्याला ‘साहेब, हे चुकते आहे’ असे म्हणणाऱ्याला संरक्षण.

आमच्या जैन घरांत लहानपणी ‘हेच खरे’ऐवजी ‘हेही खरे असेल’ म्हणायला शिकवतात. ते शिकवणे पुरेसे नाही, असे मला आता वाटते. घटनेत, कचेरीत, इस्पितळात, अगदी आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीतही दुसऱ्याचे ऐकणे भाग पडेल असा नियम असावा लागतो. तो आहे की नाही, हे आपण आपापल्या जागी तपासून पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.