बेघरांचा पत्ता

दर्यापूरनजीकच्या शेणगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. स्वतः मात्र ते झोपडीत राहिले. बेघरांना आसरा देणे हे त्यांच्या शिकवणुकीतील एक कलमच होते. त्यांच्या जयंतीला गावोगाव खराटे निघतात. बसस्थानकाच्या आडोशाला निजणारे कुटुंब मात्र त्याही दिवशी कोणाला दिसत नाही.

त्याला भाकर द्यावीच. पण त्याची मोठी उणीव छपराइतकीच पत्त्याची असते. नियम येथे त्याच्या बाजूचा आहे. मतदारयादीत नाव घालण्यास बेघराला निवासाचा कागदी पुरावा लागत नाही. अधिकाऱ्याने रात्री येऊन तो तेथेच निजतो याची खात्री करावयाची असते. वयाचा दाखला नाही म्हणून त्याच्या मुलाला शाळा नाकारणे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याला मंजूर नाही. हे सांगणारा, अर्ज लिहून देणारा, कचेरीत सोबत जाणारा शेजारी तेवढा हवा. त्याची एखाद्या दिवसाची मजुरी बुडेल, एवढेच.

खरी अडचण पुढेच आहे. अशा कुटुंबांना गावठाणात जागा देण्याचा ठराव ग्रामसभेत आला, की ‘आमच्या वस्तीजवळ नको’ म्हणणाऱ्यांत जयंतीचे वर्गणीदारही असतात.